इंदूर–जाम दरवाजा–महेश्वर–इंदूर, ६० सायकली, एक दिवस: आखणी बघून सांगा

पंचविशी_राइड (लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होतात. व्याख्यान आणि सुगम संगीत होणारच आहे, पण आम्हा तिशी-पस्तिशीतल्या आठ-दहा जणांनी लांब पल्ल्याची सायकल राइड करायचं मनावर घेतलंय. राजवाड्यापासून निघायचं, राऊ, महू, घाटमाथ्यावरचा जाम दरवाजा, घाट उतरून मंडलेश्वर, मग महेश्वरचा नर्मदेचा घाट, आणि त्याच दिवशी त्याच रस्त्याने परत. आम्ही गाडीने मोजलं तर जाऊन-येऊन १७२ किलोमीटर भरलं. स्पर्धा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत पूर्ण करेल त्या प्रत्येकाला पदक.

आत्तापर्यंत ५८ नावं आली आहेत. त्यातल्या वीसेक जणांनी शंभरच्या वर कधीतरी चालवलंय, बाकीचे रविवारी राऊ नाहीतर सिमरोलपर्यंत जाऊन येणारे. अकरा बायका-मुली आहेत. सर्वांत लहान १९ वर्षांचा, सर्वांत मोठे ६१ वर्षांचे.

वेळेचं गणित बीआरएमवरून, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडवरून, केलंय. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी पंधराच्या जवळपास. त्या हिशेबाने १७२ ला साडेअकरा तास. सकाळी सातला झेंडा दाखवला की संध्याकाळी साडेसहाला शेवटचा माणूस परत. तारीख जानेवारीचा दुसरा रविवार धरली आहे. दोन गाड्या, एक ॲम्ब्युलन्स, चार ठिकाणी पाणी.

आमच्यापैकी कुणीही याआधी असं काही भरवलेलं नाही. घाटाची मनात भीती आहे. काय राहिलंय, काय चुकलंय, मोकळेपणाने सांगा. अजून सगळं बदलता येईल.

सपाट_रस्ता (विजय नगर)

कल्पना फार आवडली. एक सुचवू का? जामचा घाट टाळा. महूवरून मानपूर, पुढे धामनोद आणि तिथून महेश्वर, असा आग्रा–मुंबई रस्ता धरला तर चौपदरी, गुळगुळीत, ढाबे भरपूर. नवशिक्यांना सोपं जाईल. चढही सुसह्य वाटतो.

हर्क्युलिस_काका (रामबाग)

सपाट_रस्ता, तुमचा हेतू चांगला आहे, पण तो रस्ता नको. मानपूरच्या पुढे गणेश घाट लागतो. ब्रेक गेलेले ट्रक तिथे किती वर्षं लोकांवर येऊन आदळत होते, हे या भागात घरोघर माहीत आहे. अपघात इतके वाढले की उतारासाठी वेगळा रस्ता काढावा लागला. गुळगुळीत चौपदरीवर ट्रकच्या शेजारून ताशी पन्नासने उतरणारा नवशिका, ही कल्पनासुद्धा मला सहन होत नाही. जामच्या रस्त्याला वळणं आहेत, पण रहदारी त्या मानाने खूपच कमी. मार्ग जामचाच ठेवा. आणि खंडवा रोडने सिमरोल-बडवाह असा फेरा मारायचा विचार कुणी मांडला तर त्यालाही सध्या नाही म्हणा. भेरूघाटाच्या बाजूला बोगद्यांचं आणि चौपदरीकरणाचं काम निघालंय, डंपर आणि धूळ यांत सायकल घालायची नाही.

आता पंचविशी_राइड, तुमच्याकडे येतो. मी ६४ वर्षांचा आहे. जामच्या रस्त्याने मी पहिल्यांदा खाली गेलो तेव्हा वरचा बराच भाग कच्चा होता. त्यानंतर किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. पाच-सहा राइडमध्ये कधी पाणी वाटायला, कधी मागच्या गाडीत असं कामही केलंय. त्यावरून एकच सांगणं आहे, बाकी सगळं त्यातूनच निघतं: आखणी शेवटच्या माणसापासून सुरू करा. पुढचे वीस जण तुमच्याशिवायही जाऊन येतील. तुमची राइड त्या मागच्या दहा जणांची आहे.

तुमचं वेळेचं गणित त्यांना धरून पुन्हा मांडू. बीआरएमची ताशी पंधरा ही चाल त्यात पडलेल्या लोकांसाठी ठीक आहे. ते चहाला सात मिनिटं थांबतात आणि पंक्चर दहा मिनिटांत काढतात. राऊपर्यंत जाऊन येणारा माणूस असा नसतो. त्याला महेश्वर गाठायला थांबे धरून सहा तास लागतील. जेवण, घाटावर पाय बुडवणं, फोटो, पाऊण तास. महेश्वरहून परत घाटाच्या पायथ्याशी यायला पावणेदोन तास. घाट चढायला, उतरून-चालून, आणखी पावणेदोन. दरवाज्यापासून महू दीड तास. महूहून इंदूर पुन्हा दीड. बेरीज सव्वातेरा तास. तुम्ही सातला निघालात तर हा माणूस सव्वाआठला राजवाड्यावर येईल. अंधार सहाच्या पुढेमागे पडतो. म्हणजे महूच्या अलीकडेच कुठेतरी, दिवसभराच्या थकव्यात, अंधारात, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मधून तो एकटा सायकल मारत असेल. त्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून सुरुवात साडेपाचला, आणि राजवाड्यावरून नको, राऊवरून. शहरातले बारा-तेरा किलोमीटर दोन्ही वेळचे वाचतात. झेंडा दाखवायचा कार्यक्रम राजवाड्यावर हवाच असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी नंबर वाटताना करा, फोटोही चांगले येतील.

पण याहून महत्त्वाचं म्हणजे वेळेची हद्द कुठे घालायची. सगळे आयोजक ती शेवटी घालतात, अमुक वाजेपर्यंत आला तर पदक. डोंगरात तिचा उपयोग नाही, कारण शेवटच्या ठिकाणी उशिरा आलेला माणूस सगळा धोका पार करून आलेला असतो. हद्द परतीच्या वाटेवर घाटाच्या पायथ्याशी घाला. दुपारी दोनपर्यंत जो पायथ्याशी पोहोचला तो वर चढेल. दोन वाजून एक मिनिटाने आलेला टेम्पोत बसेल, मग तो मंडळाचा अध्यक्ष असो. हा नियम नाव नोंदवतानाच सांगा, नंबराच्या कागदावर मागे छापा, आदल्या दिवशी पुन्हा वाचून दाखवा. आणि एक पर्यायी राइड ठेवा: इंदूर ते महेश्वर, फक्त जाणं. त्यालाही पदक. परत यायला बस, सायकलींना टेम्पो. मी सांगतो, तुमच्या ५८ पैकी निम्मे हीच घेतील आणि आनंदाने घरी जातील. टेम्पोत सायकली एकमेकींवर टाकू नका, मधे जुन्या गाद्या नाहीतर पोती घाला. नाहीतर दुसऱ्या दिवशीपासून डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वाकल्याची भांडणं तुम्हीच ऐकाल.

आता उतार. तुम्ही घाटाची भीती लिहिलीत ती बहुतेक चढाची असावी. चढात माणूस थकतो, खाली उतरतो, ढकलतो. त्यात त्याचं फार काही बिघडत नाही. बिघडतं ते जाताना, सकाळी, ताजेतवाने असताना, उतारावर. निमाड, म्हणजे घाटाखालचा नर्मदेकाठचा भाग, समुद्रसपाटीपासून दीडशे-दोनशे मीटरवर, महूच साडेपाचशेच्या वर. हा सगळा फरक तुम्ही एका घाटात सोडता. माझ्यासमोर घडलेली गोष्ट सांगतो. एक तरुण मुलगा, नवी सायकल, रिम ब्रेक. दरवाज्यापासून खाली येईपर्यंत त्याने दोन्ही ब्रेक सतत अर्धे दाबून धरले होते. पायथ्याशी थांबला तेव्हा रबर जळल्याचा वास येत होता. मी रिमला बोट लावलं आणि झटकन काढलं, तव्याला लागावं तसं. रबराच्या गुट्ट्या वितळून काठाला काळ्या पापुद्र्यासारख्या चिकटल्या होत्या. दोन मिनिटांनी, तो उभा असतानाच, मागची ट्यूब धाड्‌कन फुटली. हेच दोन वळणं आधी झालं असतं तर काय, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. नंतर बराच वेळ तो बोलला नाही.

तेव्हा दरवाज्यावर सक्तीचा थांबा ठेवा. प्रत्येकाने सायकलवरून उतरायचं. एक जाणता माणूस तिथे उभा करा, ज्याने फक्त ब्रेक बघायचे: गुट्टी किती उरली आहे, तार ओढली की दांडी मुठीला टेकते का, चाकाची क्विक रिलीज (चाक झटकन काढायची कळ) घट्ट आहे का. डिस्क ब्रेकवाल्यांचेही पॅड बघा, ते वरून दिसत नाहीत म्हणून लोक विसरतात. मग एकेकाला अर्ध्या मिनिटाच्या अंतराने खाली सोडा. झुंडीने नाही. सोडताना प्रत्येकाच्या कानात तेच: ब्रेक वळणाच्या आधी दाब, वळणात सोड, पुढचा-मागचा आलटून पालटून, आणि आतल्या कडेच्या खडीपासून लांब राहा. साठ जणांना अर्धा तास लागेल. तो अर्धा तास गणितात आधीच धरा.

तारखेबद्दल. जानेवारीचा दुसरा रविवार म्हणजे संक्रांतीच्या तोंडावर. शहरभर पतंग, आणि मांजा गळ्याच्या उंचीला आडवा येतो. सायकलवाल्याला तर हेल्मेटखाली काहीच आडोसा नाही. शिवाय संक्रांतीच्या स्नानाला नर्मदेच्या घाटांवर गर्दी सुरू झालेली असते. फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा रविवार घ्या. दिवस वीस मिनिटांनी मोठा मिळतो. फक्त पंचांग बघा, माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती असते, त्या दोन दिवसांत महेश्वरला सायकल उभी करायलाही जागा मिळणार नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. दोन जिल्हे आहेत, दरवाज्याच्या वर इंदूर, खाली खरगोन. दोन्हीकडे अर्ज, आणि किशनगंज, बडगोंदा, मंडलेश्वर या ठाण्यांना प्रती देऊन पोच घ्या. ॲम्ब्युलन्स एकच असेल तर ती जाताना आणि येतानाही घाटाच्या टोकाशी उभी राहू दे, सगळ्यांच्या मागे फिरवू नका. आणि आत्ताच ठरवा: दरवाज्याच्या खाली कुणी पडला तर मंडलेश्वरला न्यायचा, वर पडला तर महूला. त्या क्षणी रस्त्यावर उभं राहून यावर चर्चा होते, आणि ती चर्चा मी ऐकलेली आहे.

मांडवची_चिंच (धार)

काकांच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. आम्ही धारहून नालछामार्गे मांडवला दोन वेळा छोट्या राइड नेल्यात. शेवटचा टप्पा दऱ्यांच्या काठाने आहे आणि आलमगीर दरवाज्यात तर रस्ता इतका अरुंद होतो की एका वेळी एकच गाडी जाते. तिथे एक मुलगी वही घेऊन बसवली होती आणि तिनेच आमची राइड सांभाळली. जाताना प्रत्येक नंबरावर खूण, येताना त्याच ओळीत दुसरी खूण. फोनवरची शीट नको, घाटात रेंज जाते. वही आणि पेन्सिल. पेन थंडीत लिहीत नाही.

पण मी लिहायला आले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. अकरा बायका आहेत म्हणालात. त्यांच्यासाठी स्वच्छतागृह कुठे-कुठे आहे, हे तुमच्या आखणीत कुठेच नाही. पाण्याचे चार थांबे लिहिलेत, पण ज्या बाईला पुढे सोय आहे की नाही हे माहीत नसतं ती पाणी पीतच नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी एक मैत्रीण मांडवच्या अलीकडे चक्कर येऊन बसली. बाटली भरलेलीच होती. विचारलं तर म्हणाली, सकाळपासून दोन घोट घेतलेत, कारण रस्त्यात जायला जागाच नव्हती. त्या दिवशी मला स्वतःचा फार राग आला, कारण थांबे मीच ठरवले होते.

तेव्हा पाण्याचे थांबे आधी ठरवून मग सोय शोधू नका. आधी सोय शोधा: शाळा, धर्मशाळा, पेट्रोलपंप, एखाद्या ओळखीच्यांचं घर. आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन दार उघडून बघा, पाणी येतं का, कडी लागते का. तिथेच पाण्याचा थांबा करा. आणि सकाळी सगळ्यांसमोर सांगा की कितव्या किलोमीटरला सोय आहे. सगळ्यांसमोर, फक्त बायकांच्या कानात नाही. साखर असलेले पुरुषही त्यात असतात.

पंचविशी_राइड

काका, ताई, तुमचं लिखाण छापून काढलं आणि काल रात्री मंडळात सगळ्यांसमोर वाचलं. राऊहून साडेपाचला निघणं, फेब्रुवारी, एकतर्फी राइडचा पर्याय, दरवाज्यावर ब्रेक तपासणी, हे सगळ्यांना पटलं. स्वच्छतागृहाचं काम आमच्या वहिनींनी अंगावर घेतलं, त्या या रविवारी मंडलेश्वरपर्यंत जाऊन येतायत.

एका गोष्टीवर मात्र मंडळात वाद झाला. दोन वाजता पायथ्याशी थांबवायचं म्हणजे शंभरावर किलोमीटर मारून आलेल्या माणसाला सांगायचं, तू टेम्पोत बस. आमचे काही जण म्हणतात, तो पाच मिनिटं उशिरा आला तर काय बिघडलं? मागे गाडी आहेच की. आपलीच माणसं, मंडळाचंच वर्ष, तोंड कसं वाकडं करायचं?

आणि काका, दुसरं, खाण्यापिण्याचा अंदाज काय धरू?

हर्क्युलिस_काका (रामबाग)

खाण्याचं आधी सांगतो. माणशी पाच लिटर पाणी धरा. साठ जणांना तीनशे, म्हणजे वीस लिटरचे पंधरा जार, आणि त्यातले निम्मे महेश्वर आणि घाटाचा पायथा या दोनच ठिकाणी, कारण निमाडात उतरलं की ऊन लागतं, वरची जॅकेटं कमरेला बांधली जातात. राऊला पोहे चालतील, जिलबी परत आल्यावर. वाटेत केळी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. महेश्वरला खिचडी आणि ताक. पुऱ्या-श्रीखंड ठेवू नका, ते खाऊन घाट चढवत नाही. कागद, सालं, कप सगळं टेम्पोत परत. स्वच्छतेत २०१७ पासून पहिला नंबर घेणाऱ्या शहराची माणसं आपण, दरवाज्याखाली आपला कचरा पडलेला दिसता कामा नये.

आता तुमचा वाद. पाच मिनिटांनी काय बिघडतं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीची राइड, मार्ग हाच. मी परतीच्या वाटेवर दरवाज्यापाशी वही घेऊन होतो. पायथ्याच्या थांब्यावरून मला कळवलं होतं, ४७ जण चढायला लागले. तिथे हद्द होती, पण शेवटच्या तीन-चार जणांना, आपलीच पोरं, जाऊ दे, म्हणून सोडलं होतं. माझ्या वहीत ४६ झाले आणि पुढे कुणी येईना. मागची गाडी आली, पण ती वाटेत पाय आखडलेल्या एका बाईंना घेऊन महूकडे निघाली होती. ड्रायव्हर म्हणाला, मागे कुणी दिसलं नाही. फोन लागत नव्हता. वरच्यांचं मत पडलं की तो ३७ नंबर कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून परस्पर घरी गेला असेल. असं होतंही. पण मला वहीत रिकामी राहिलेली ती जागा बघवेना.

मी बॅटरी घेऊन सायकलने खाली निघालो. तोवर इतकं अंधारलं होतं की वळणांचे पांढरे दगड तेवढे दिसत होते. चौथ्या की पाचव्या वळणावर कठड्याला टेकून तो बसला होता. विशी-बाविशीचा. गिअर बदलताना मागचा डिरेलर आऱ्यांत गेला होता, तो अडकवायचा हँगर तुटला होता, सायकल हलत नव्हती. ती उचलून त्याने कठड्याच्या आत घेतली होती, म्हणून गाडीवाल्याला दिसली नाही. घामाने भिजलेला जर्सी अंगावर थंड पडला होता, दात वाजत होते. मागचा दिवा त्याच्याकडे होता, तो त्याने संध्याकाळी ज्याच्याकडे दिवा नव्हता अशा दुसऱ्या एकाला काढून दिला होता. उजव्या मुठीत त्याने काहीतरी घट्ट धरलं होतं. मी बोटं उघडली तर चेनची तुटलेली कडी, आणि तळहातावर ग्रीसमध्ये तिचा ठसा उमटलेला. मला म्हणाला, काका, मी हाका मारल्या होत्या.

तो शेवटच्या चौघांतला होता. ठरलेली वेळ उलटून सात मिनिटांनी पायथ्याशी आलेला.

ते आयोजक कोण ते मी लिहिणार नाही, माणसं चांगली होती आणि ती नंतर फार हळहळली. तुमच्या मंडळात हे वाचून दाखवा आणि मग पायथ्याशी कुणाला उभं करायचं ते ठरवा. मंडळातला कुणी ठेवू नका. बाहेरचा ठेवा, ज्याला कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही.

आणि मागच्या गाडीच्याही मागे एक सायकलवाला ठेवा, ज्याचं काम फक्त शेवटी राहणं. गाडीतून कठड्याच्या आतलं दिसत नाही. गाडी कुणाला घेऊन गेली तरी तो तिथेच असतो. त्याच्याकडे दोन जादा दिवे, एक जुनी शाल, चेन तोडायचं अवजार आणि दोन-तीन जोडकड्या.

सपाट_रस्ता (विजय नगर)

काका, मी माझी सूचना मागे घेतो. आणि तो शेवटी राहणारा सायकलवाला हवा असेल तर माझं नाव लिहा. मी वेगात जात नाही, पण दिवसभर जाऊ शकतो.

पंचविशी_राइड

काल मंडळात कुणी काही बोललं नाही, नुसतं दोन वाजताचं पक्कं झालं. पायथ्याला माझे सासरे उभे राहणार आहेत, ते उज्जैनचे, आमच्याकडे कुणाला ओळखत नाहीत. सपाट_रस्ता, तुमचं नाव वहीत शेवटच्या ओळीत लिहिलंय.

येत्या रविवारी आम्ही चौघं पूर्ण मार्ग सायकलने करून बघतोय, प्रत्येक वळण, प्रत्येक गतिरोधक लिहून घ्यायला. काका, तुम्ही याल का? निदान दरवाज्यापर्यंत.

हर्क्युलिस_काका (रामबाग)

पाच वाजून वीस मिनिटं, राऊ सर्कल. हातमोजे आणा, महूच्या पुढे बोटं गारठतात आणि गारठलेल्या बोटांना ब्रेक कळत नाही. मोठा पंप माझ्याकडे आहे. दरवाज्याच्या खाली मी तुमच्या मागे राहीन.